रामेश्वरला निघण्याआधी: कोरडे कपडे हातातल्या पिशवीत

तिरुवण्णामलै, तंजावर, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी. डिसेंबरात आईला घेऊन पुन्हा निघतेय, सगळा प्रवास रेल्वेचा. मागच्या खेपेला जे चुकलं ते पुन्हा चुकू नये म्हणून ही तयारी लिहून काढतेय.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी करा. त्या दिवसांत शबरीमलैच्या भाविकांनी दक्षिणेकडच्या गाड्या भरून वाहतात, वेटिंगच्या भरवशावर राहू नका. म्हाताऱ्या माणसांना लोअर बर्थ. ओळखपत्र, औषधं, चादर हे काय सांगायचं!

आता रामेश्वर. कोरड्या कपड्यांचा एक जोड, टॉवेल आणि प्लास्टिकची पिशवी, हे सगळं हातात हवं. लॉजवर ठेवलेलं नव्हे, क्लोक रूममधल्या बॅगेत नव्हे, हातात! आधी अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग देवळातल्या 22 तीर्थांवर, म्हणजे विहिरी-कुंडांवर, एकामागून एक बादल्या अंगावर. माणूस नखशिखांत भिजतो. आपल्याकडे ओलेत्यानं देवाला जाणं पुण्याचं मानतात. तिथे ओलेत्यानं गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. कपडे बदलूनच रांगेत उभं राहायचं.

मला हे ठाऊक नव्हतं. आईचं लुगडं लॉजवर राहिलं. तीर्थं संपेपर्यंत सव्वाबारा झाले. ती भिजलेल्या लुगड्यात, रामेश्वराला वाहायला काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू छातीशी धरून खांबाला टेकून उभी, पायाखाली पाण्याचं थारोळं. मी रिक्षानं जाऊन लुगडं घेऊन आले, तिनं ते नेसलं, तोवर एक वाजला आणि दर्शन बंद झालं. पुढची गाडी दुपारची होती. गडू तसाच घरी परत आला, अजून देवघरात आहे. ती एका शब्दानं बोलली नाही, पण मला ते अजून सलतं. म्हणून पुन्हा सांगते, लुगडं, परकर, पोलकं, सगळं एकत्र बांधून हातातल्या पिशवीत. पुरुषांनी धोतर. एकानं भिजायचं नाही, पिशव्या सांभाळायच्या. गंगाजल असेल तर तेही त्याच्याकडेच.

यातूनच दुसरी गोष्ट. तमिळनाडूत बहुतेक देवळं दुपारी साडेबारा-एकला बंद होतात, ती तीन-चारनंतर उघडतात. गाडी सकाळी अकराला पोचत असेल तर त्या दुपारी देऊळ धरूच नका. बऱ्याच देवळांत मोबाईल नेता येत नाही, तेव्हा लॉजचा पत्ता आणि गाडीचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा. जाड मोजेही घ्या, चपला बाहेर काढल्यावर तंजावरच्या बृहदीश्वराच्या आवारातला दगड तापलेला असतो. तिथे घाई करू नका. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास त्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतलाय. हजार वर्षांच्या चोळांच्या देवळात आपली भाषा समोर दिसते तेव्हा पाय निघत नाही.

तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या आश्रमात राहायचं तर दोन-तीन महिने आधी ईमेल करा, ऐनवेळी खोली मिळण्याची आशा नको. तिथल्या अरुणाचल डोंगराची गिरिप्रदक्षिणा 14 किलोमीटरची आणि अनवाणी. पहाटेच निघा, आईवडिलांना रिक्षा करून द्या. पौर्णिमेला लाखोंची गर्दी असते, वयस्कर माणसं बरोबर असतील तर ती तिथी टाळा.

मदुराईहून रामेश्वरला जाताना पांबनच्या समुद्रावरच्या पुलावर खिडकीपाशी बसा, 2025 मध्ये नवा पूल झालाय. रामेश्वरच्या टोकाला धनुष्कोडी आहे, तिथे टोपी, पाणी. कन्याकुमारीला देवीच्या देवळात पुरुषांना सदरा काढावा लागतो. विवेकानंद शिलास्मारकाची बोट समुद्र खवळला की बंद, म्हणून तिथे दोन सकाळी हाताशी ठेवा. एकनाथजी रानड्यांनी ध्यास घेऊन 1970 मध्ये पूर्ण केलेलं काम आहे ते, चुकवू नका. परतीच्या गाडीसाठी दशम्या-चटणी नाही पुरणार, दहीभात बांधून घ्या.

रामेश्वरची पिशवी मात्र मी आजच भरून दाराशी ठेवलीय. लुगडं, परकर, पोलकं, टॉवेल. आणि तो गडू.