नागपूरच्या उन्हाळ्यात तापणारी मॉडिफाइड टर्बो गाडी : दोष शोधण्याचा आणि दूर करण्याचा क्रम

टर्बो बसवलेली, किंवा मूळच्याच टर्बो इंजिनाचे बूस्ट (टर्बो ज्या दाबाने इंजिनात हवा ढकलतो तो दाब) वाढवलेली गाडी डिसेंबर-जानेवारीत तक्रार न करता चालते आणि एप्रिल सरता सरता तिचा तापमानाचा काटा वर सरकू लागतो. अशा वेळी सर्वांत आधी सुचवला जाणारा उपाय म्हणजे मोठा रेडिएटर. तो उपाय चुकीचा नाही, पण त्याची जागा शेवटची आहे. रेडिएटर बदलण्यापूर्वी त्याच्यातून पुरेशी आणि पुरेशी थंड हवा जाते का, हे तपासणे आवश्यक आहे. नागपूरसारख्या शहरात निम्मे उत्तर तिथेच मिळण्याची शक्यता असते.

त्यामागचे गणित सोपे आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे कूलंट (इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेणारे द्रव) आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. कूलंट 95 अंशांवर आणि हवा 25 अंशांवर असेल, तर हा फरक 70 अंशांचा असतो. मे महिन्यातल्या दुपारी पारा 45 अंशांवर गेला की तोच फरक 50 अंशांवर येतो, म्हणजे तोच रेडिएटर आणि तोच फॅन सुमारे तीस टक्के कमी काम करतो. आता रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर आणि त्याच्याही पुढे नव्याने बसवलेला इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आहे, असे समजा. या दोघांची उष्णता घेऊन येणारी हवा रेडिएटरपर्यंत पोचताना 60 अंशांची झाली, तर फरक 35 अंशांचाच उरतो, म्हणजे हिवाळ्याच्या तुलनेत निम्मा. दुसऱ्या बाजूने उष्णता वाढलेलीच असते. इंधनातील ऊर्जेचा स्थूलमानाने तिसरा हिस्सा कूलंटमध्ये जातो, त्यामुळे ताकद चाळीस टक्क्यांनी वाढवली की पूर्ण बूस्टवर कूलंटवरचा भारही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो.

आधी मोजमाप

अनेक आधुनिक गाड्यांतील डॅशबोर्डवरचा काटा साधारण 75 ते 105 अंशांच्या दरम्यान मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो, आणि तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे उपकरण) जोडून कूलंटचे आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान थेट अंकांत पाहावे. शक्य असल्यास ऑइलच्या तापमानाचा वेगळा गेज बसवावा, कारण टर्बोची बरीचशी उष्णता ऑइलच वाहून नेते आणि कूलंट ठीक दिसत असतानाही ऑइल 130 अंशांच्या पुढे गेलेले असू शकते.

त्यानंतर गाडी नेमकी केव्हा तापते, हे टिपून ठेवावे. सीताबर्डीत, व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर उभी असताना आकडा चढतो आणि गाडी धावू लागली की उतरतो, तर दोष फॅन, त्याची रिले (फॅनला वीज जोडणारा स्विच), किंवा फॅनभोवतीचे आवरण यांत शोधावा. वर्धा रोडने बुटीबोरीकडे एकसारख्या वेगाने जाताना किंवा समृद्धी महामार्गावर हळूहळू चढत जातो, तर हवेचा मार्ग, रेडिएटरची क्षमता किंवा कूलंटचा प्रवाह कमी पडतो आहे. बूस्ट चढल्यावरच झटक्याने वाढतो, तर ट्यून (इंजिनाच्या संगणकातली इंधन, ठिणगी आणि बूस्ट यांची मांडणी) किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधला सील) यांच्याकडे संशयाने पाहावे. या तीन प्रकारांचे उपाय एकमेकांपासून इतके वेगळे आहेत, की ही पायरी वगळून केलेला खर्च बहुधा वाया जातो.

हवेचा मार्ग

पुढचा बंपर उतरवल्याशिवाय हे काम होत नाही. प्रथम इंटरकूलर, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या जाळ्यांमधला कचरा पाहावा. आपल्याकडे धूळ, किडे, मार्च-एप्रिलपासून उडणारा सावरीचा कापूस आणि कापसाच्या गाड्यांमागून येणारे तंतू या जाळ्यांच्या मधल्या फटींत जाऊन बसतात आणि समोरून पाहिल्यास अजिबात दिसत नाहीत. इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाच्या पाण्याने जाळी धुवावी. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने जाळीचे नाजूक पत्रे वाकतात आणि आधीपेक्षा कमी हवा जाते, म्हणून ती वापरू नये.

यानंतर बाजूच्या फटी तपासाव्यात. मॉडिफिकेशन करताना इंटरकूलर बसावा म्हणून बंपरच्या आतली प्लास्टिकची पट्टी, रेडिएटरच्या कडेचे फोम किंवा इंजिनाखालचे आवरण काढले जाते आणि पुन्हा बसवले जात नाही. हवा नेहमी कमी अडथळ्याच्या वाटेने जाते. रेडिएटरच्या चारी बाजूंना बोटभर फट असेल तर हवा जाळीतून जाण्याऐवजी तिथूनच निसटते. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि उष्णता सहन करणारे घट्ट फोम वापरून ग्रिलपासून रेडिएटरपर्यंत बंद बोगदा तयार करावा. इंजिनाखालचे आवरण नसेल तर वेगात इंजिनाच्या कप्प्यातला दाब वाढतो आणि रेडिएटरमागून हवा बाहेर पडू शकत नाही, म्हणून तेही परत बसवावे. या साऱ्याला खर्च फारसा येत नाही, आणि मी माझ्या ओळखीच्यांना सगळ्यात आधी हेच करायला सांगतो.

फॅन रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा आणि पूर्ण आवरणाचा असावा. आवरण नसलेला फॅन जाळीच्या फक्त त्याच्या समोरच्या वर्तुळातूनच हवा ओढतो. जादा फॅनसाठी स्वतंत्र रिले, योग्य फ्यूज आणि पुरेशा जाडीची वायर वापरावी. बारीक वायरीमुळे व्होल्टेज पडते आणि फॅन फिरताना दिसत असूनही संथ फिरतो. चालू फॅनच्या टोकांवर मल्टिमीटर लावून हे पाच मिनिटांत कळते. ऑइल कूलर लावायचा असेल तर तो रेडिएटरच्या समोर तिसरा थर म्हणून लावू नये; चाकाच्या कमानीजवळ वेगळ्या हवेच्या वाटेवर बसवावा.

कूलंट, झाकण आणि थर्मोस्टॅट

गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतले द्रव दाबाखाली, उघड्यावरच्या उकळबिंदूच्या वर असते आणि दाब सुटताच उसळून अंगावर येते. नागपूरच्या उन्हाळ्यात इंजिन हात लावण्याजोगे होण्यास तासाहून अधिक वेळ लागू शकतो.

झाकण ही स्वस्त पण फार महत्त्वाची वस्तू आहे. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलिन ग्लायकॉल असलेले मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळते. सुमारे 1 बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली तोच उकळबिंदू 125 अंशांच्या पुढे जातो. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल झाली की हे संरक्षण नाहीसे होते, म्हणून संशय असल्यास उत्पादकाने सांगितलेल्याच दाबाचे नवे झाकण लावावे.

मिश्रणाबाबत एक गोष्ट येथे मुद्दाम सांगायला हवी. ग्लायकॉलपेक्षा पाणी उष्णता अधिक चांगली वाहून नेते आणि आपल्याकडे कूलंट गोठण्याची भीती नाही, त्यामुळे सांद्र (पाणी न मिसळलेले) कूलंट वापरत असाल तर 50 टक्क्यांऐवजी उत्पादकाने डब्यावर दिलेल्या किमान प्रमाणापर्यंत, म्हणजे बहुधा 30 ते 33 टक्क्यांपर्यंत, खाली येता येते. त्याहून कमी केल्यास गंजरोधक घटक अपुरे पडतात. तयार मिसळलेल्या कूलंटमध्ये मात्र पाणी घालू नये. सांद्र कूलंटमध्ये पाणी घालायचे ते डिस्टिल्ड; बोअरवेलच्या जड पाण्याने आतल्या नळ्यांवर क्षार धरतो आणि काही उन्हाळ्यांत नवा रेडिएटरही चोक होतो. काढलेले जुने कूलंट गोड चवीचे आणि विषारी असते. ते नालीत किंवा रस्त्यावर ओतू नका, गल्लीतली कुत्री आणि गुरे ते चाटतात.

थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो मी ठामपणे नाकारतो. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की कूलंटचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरतो आणि भाराखाली गाडी अधिकच तापते. शिवाय थंडीत इंजिन कायम अर्धवट तापलेले राहून इंधन जास्त जाते आणि ते मिसळून ऑइल पातळ होते. पाण्याच्या भांड्यात थर्मोमीटरसह गरम करून तो नोंदलेल्या तापमानाला उघडतो का हे पाहावे, शंका असल्यास नवा बसवावा.

कूलंट भरताना गाडीचे नाक उंच ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर करावा, हवा काढण्याचा स्क्रू उघडावा आणि द्रव सावकाश ओतावे. टर्बोला जाणाऱ्या कूलंटच्या बारीक नळ्यांमध्ये हवा अडकण्याचा संभव जास्त असतो. शेवटी इंजिन जोरात फिरवत असताना खालचा होज पाईप आत चिपतो का हेही पाहावे. चिपत असेल तर तो बदलावा.

ट्यून आणि हेड गॅस्केट

केवळ बूस्टमध्ये तापणाऱ्या गाडीत इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) फार मागे घेतलेले असेल, तर जळण उशिरा होऊन एक्झॉस्टमधली उष्णता वाढते आणि ती हेडमार्फत कूलंटमध्ये येते. टायमिंग फार पुढे असेल तर नॉकिंग (सिलिंडरमधले मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणे) होते, आणि तेही हेडला तापवतेच. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या पेट्रोलवर बसवलेला ट्यून पूर्ण थ्रॉटलवर त्यामुळे मिश्रण कोरडे (हवेच्या मानाने कमी इंधनाचे) करतो. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा) लावून नोंदींचा लॉग घ्यावा, आणि तो उन्हाळ्याच्या दुपारी घ्यावा.

रिझर्व्ह बाटलीत बुडबुडे येत असतील, सकाळी थंड इंजिनावरही होज कडक लागत असेल, किंवा बूस्टनंतरच कूलंट बाहेर फेकले जात असेल, तर ज्वलनातील वायू कूलंटमध्ये शिरत आहेत. निळ्या रसायनाची ब्लॉक टेस्ट करावी. कार्बन डायऑक्साइड लागताच ते पिवळे पडते. तसे झाल्यास वरचे सर्व उपाय थांबवून हेड उतरवावे, त्याची सपाटी तपासून मशिनिंग करावे, आणि अनेक थरांची स्टील गॅस्केट व अधिक मजबूत स्टड बसवावेत.

हे सर्व करूनही भाराखाली आकडा 105 च्या पुढे जात असेल, तर मात्र जाड गाभ्याचा ॲल्युमिनियम रेडिएटर घेण्यास हरकत नाही. घेतल्यावर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, एसी चालू ठेवून, आधी शहरात आणि नंतर महामार्गावर वेगमर्यादेत चाचणी घ्यावी. तरीही तापमान स्थिरावत नसेल, तर एप्रिल ते जूनसाठी कमी बूस्टचा वेगळा मॅप (ट्यून) ट्यूनरकडून करून घ्यावा आणि जोरात चालवल्यानंतर इंजिन बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटे गाडी सावकाश चालवून टर्बो थंड होऊ द्यावा.