लोकलमध्ये एका हाताने फोन वापरायचाय? मग वरचं सगळं खाली आणा

एक हात कडीला, बॅग पुढे छातीवर आणि उरलेल्या हातात फोन. मुंबईत आपण फोन बऱ्याचदा असाच वापरतो, पण तो सेट केलेला असतो घरी सोफ्यावर बसून दोन हातांनी वापरायच्या हिशोबाने. सर्च वर, नोटिफिकेशन वर, मागे जायचा बाण वर डाव्या कोपऱ्यात. मग अंगठा ताणत फोन तळहातात खाली खाली सरकवायचा आणि तेवढ्यात गाडीला धक्का बसला की फोन लोकांच्या पायांत. छोटा फोन घ्या असं मी सांगणार नाही, कारण तसे आता फारसे मिळतच नाहीत. २०१२ चा आयफोन ५ चार इंचाचा होता, आज साडेसहा इंच म्हणजे साधा फोन. पण रविवारी अर्धा तास काढून बसलात तर हाच मोठा फोन एका हातात नीट चालतो.

सगळ्यात आधी ऑटो रोटेट बंद करा. फोनमधला सेन्सर गुरुत्वाकर्षणावरून वर-खाली ओळखतो, त्यामुळे गर्दीत मनगट जरा कललं की स्क्रीन आडवी होते आणि टाइप करत असलेला मेसेज राहतो बाजूलाच. अँड्रॉइडमध्ये वरून पट्टी ओढली की ते बटण असतं, आयफोनमध्ये कंट्रोल सेंटरमध्ये कुलपाभोवती गोल बाण असलेलं चिन्ह असतं. व्हिडिओ आडवा बघायचा असेल तरी अडत नाही, फुल स्क्रीनचं बटण दाबलं की बहुतेक अ‍ॅप स्वतःच आडवी होतात. अँड्रॉइड ९ पासून अजून एक सोय आहे, रोटेट बंद असताना फोन आडवा धरला की कोपऱ्यात एक छोटं चिन्ह येतं, ते दाबलं तरच स्क्रीन फिरते. हे मला फार आवडतं, फोन कधी फिरणार ते आपण ठरवायचं.

आता मुख्य काम, म्हणजे वन-हँडेड मोड. आयफोनमध्ये याला रीचेबिलिटी म्हणतात, २०१४ मध्ये आयफोन ६ मोठा झाला तेव्हाच हे आलं, तरी कितीतरी लोकांना अजून माहीतच नाही. सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, टच, तिथे ते चालू करा आणि मग स्क्रीनच्या अगदी खालच्या कडेवर बोट खाली ओढा, वरचा भाग अर्ध्यावर उतरतो. होम बटणवाला आयफोन असेल तर बटणाला दोनदा हलकं टेकवा, दाबू नका. तिथेच बॅक टॅप नावाचं सेटिंग आहे, त्यात रीचेबिलिटी ठेवली तर फोनच्या पाठीवर बोटाने दोनदा टकटक केलं की काम होतं. सॅमसंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्समध्ये वन-हँडेड मोड मिळेल, त्यात अख्खी स्क्रीनच लहान होऊन एका कोपऱ्यात येते. साध्या अँड्रॉइडमध्ये हे अँड्रॉइड १२ पासून आहे, सिस्टिम आणि मग जेश्चर्समध्ये. बाकी कंपन्या प्रत्येक मॉडेलला जागा बदलतात, तेव्हा शोधत बसू नका, सेटिंग्जच्या सर्चमध्ये वन-हँडेड टाइप करा.

कीबोर्डचं वेगळं करावं लागतं. जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्डमध्ये, स्वल्पविरामाचं बटण दाबून धरलं की वन-हँडेडचं चिन्ह येतं, कीबोर्ड एका बाजूला चिकटतो आणि बाजूच्या बाणाने डावीकडून उजवीकडे नेता येतो. आयफोनमध्ये ग्लोब किंवा इमोजीचं बटण दाबून धरायचं. मराठी टाइप करणाऱ्यांना इथे खरी अडचण येते, देवनागरी कीबोर्डवर बटणं जास्त, त्यात तो लहान केला की मात्रा एक आणि दाबतो भलतीच. म्हणून प्रवासात मी इंग्रजी अक्षरांतून मराठी होणारा कीबोर्ड ठेवते, बटणं मोठी राहतात. आणि मधलंच अक्षर चुकलं तर तिथे बोट टेकवायची धडपड नको, जीबोर्डमध्ये स्पेसबारवर अंगठा आडवा सरकवला की कर्सर सरकतो, आयफोनमध्ये आधी स्पेसबार दाबून धरायचा.

होम स्क्रीनवर रोजची अ‍ॅप खालच्या दोन ओळींत आणा. लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर, तिकिटाचं अ‍ॅप, यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅप, बस. वरची जागा रिकामी ठेवा किंवा घड्याळ लावा. आयफोनवर पूर्वी मध्ये मोकळी जागा सोडता यायची नाही, २०२४ च्या आयओएस १८ पासून येते. क्रोममध्ये वरचा अ‍ॅड्रेस बार दाबून धरा, तो खाली न्यायचा पर्याय येतो, दिसला नाही तर आधी अ‍ॅप अपडेट करा. सफारीत तर बार २०२१ पासून खालीच ठेवता येतो. आणि गुगल मॅप्समध्ये झूम करायला दोन बोटं लागतच नाहीत: दोनदा टॅप करा, दुसऱ्या टॅपला बोट उचलू नका आणि तसंच वर-खाली सरकवा. रिक्षातून उतरताना गल्ली शोधायला हे इतकं उपयोगी पडतं की एकदा सवय झाली की चिमटा काढायचं विसरायला होतं.

पकडीबद्दल थोडं. बरेच जण करंगळीचा टेकू देऊन वर दोनशे ग्रॅमचा फोन तोलतात, विरार ते चर्चगेट असं धरलं तर करंगळी दुखणारच. मागे रिंग लावा किंवा दोरीवालं कव्हर घ्या आणि दोरी मनगटात अडकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दुखत राहिलं तर अंगावर काढू नका, अंगठा सारखा वापरून तिथल्या स्नायूबंधांना सूज येते, डॉक्टर त्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. लांबलचक मेसेज असेल तर बोलून टाइप करा, जीबोर्डला मराठी बऱ्यापैकी कळतं.

आणि हे मात्र मनापासून सांगते, दारात उभं राहून फोन काढू नका. फटका टोळीवाले रुळांशेजारी काठी घेऊन उभे असतात, गाडी हळू झाली की हातावर मारतात आणि पडलेला फोन उचलून पळतात. फोनसाठी माणसं गाडीखाली गेली आहेत, हात-पाय गमावून बसली आहेत. दोरी मनगटात असली तरी दारात फोन खिशातच, कारण झटका बसला तर दोरीबरोबर तोलही जातो. पैसे भरायचे असोत की तिकीट दाखवायचं असो, आत दोन पावलं सरका आणि मग काढा. फोन पडलाच तर गाडीतून उडी मारू नका, पुढच्या स्टेशनला उतरून रेल्वे पोलिसांकडे जा किंवा १३९ वर फोन लावा, शेजारचा कुणीही स्वतःचा फोन देतो.