बाजारपेठ वाढवायची आहे? नगरपरिषदेने आधी या चुका टाळाव्यात

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. प्रशासकांची राजवट संपून नवे नगराध्यक्ष खुर्चीत बसले. प्रचारात ‘व्यापाराला चालना’ हा शब्द पुष्कळ ऐकला. मी तालुक्याच्या गावी भांड्यांचं दुकान चालवतो, व्यापारी संघटनेचं थोडंफार काम बघतो. नगरपालिकेने उद्योगपती घडवावेत अशी माझी अपेक्षा नाही. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीपर्यंत सुखाने यावं आणि धंद्यातला पैसा अडकू नये, एवढं पालिकेच्या हातात नक्की आहे.

अडचणीचं मूळ असं की नगरपालिकांची जकात 1999 मध्ये बंद झाली. जीएसटी पालिका गोळा करत नाही. बाजारातून पालिकेला थेट दिसतं ते घरपट्टी, गाळेभाडं आणि बैठक फी, म्हणजे बाजारात बसून विकणाऱ्यांकडून घेतलं जाणारं जागाभाडं. त्यामुळे बाजाराकडे बघायची नजर वसुलीची होऊन जाते. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

रस्ता कधी खणायचा, हे बाजाराला न विचारणं

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी भुयारी गटारासाठी चर खणला. दुकानासमोर एक फळी टाकून दिली. ठरलेल्या लग्नाच्या रुखवताची भांडी घ्यायला एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी फळीवर एक पाय ठेवला, खाली पाहिलं आणि नातीला म्हणाल्या, “चल बाई, दुसरीकडे बघू.” त्या दिवाळीला माझा निम्मा माल तसाच राहिला. गटारानंतर रस्ता काँक्रीटचा केला आणि पुढच्या वर्षी जलवाहिनीसाठी तोच पुन्हा फोडला.

उपाय अवघड नाही. गटार, पाण्याची लाईन, केबल हे सगळं आधी आणि काँक्रीट शेवटी. ठेकेदाराला कार्यादेश देण्यापूर्वी त्या गल्लीतल्या दुकानदारांना अर्धा तास बोलावून घ्या. प्रत्येक गल्लीचा हंगाम वेगळा असतो. पौषात लग्नं नसतात, म्हणून कापडाच्या आणि सराफांच्या गल्लीत तेव्हा काम काढलं तर चालतं. पण आमच्या भांड्यांच्या गल्लीत त्याच महिन्यात संक्रांतीच्या वाणाची गर्दी असते. हे कागदावर कुठे सापडत नाही, विचारावंच लागतं. आणि एका वेळी पन्नास मीटरच खणा. तो तुकडा चालता झाला की पुढचा.

गाळे रिकामे पडलेत? मग हे तपासा

जुनी भाजी मंडई पाडून व्यापारी संकुल बांधायचं, खालचे गाळे भाड्याने जायचे आणि वरच्या मजल्याची शटरं वर्षानुवर्षं गंजत राहायची, हे चित्र बऱ्याच गावांत आहे. अनामत इतकी मोठी ठेवतात की शिंपी किंवा मोबाईल दुरुस्तीवाला लिलावाला उभाच राहू शकत नाही. बोली आली नाही की तीच रक्कम ठेवून पुन्हा जाहिरात. बंद गाळा भाडं देत नाही, हा साधा हिशेब आहे. किमान बोली कमी करण्याचा आणि अनामत हप्त्याने घेण्याचा ठराव करून वरिष्ठांकडे मंजुरीला पाठवा. वरचा मजला किराणा-कापडासाठी धरूच नका. जिथे माणूस ठरवून जातो, असे व्यवसाय तिथे चालतात: क्लास, दातांचा डॉक्टर, कर सल्लागार. आणि जिना रस्त्यावरून दिसतो का, हेही बघा. आमच्याकडचा मागच्या बाजूला, मुतारीशेजारी आहे. तिथून वर कोण जाणार?

हातगाड्या उचलल्या म्हणजे बाजार सुधारला असं समजणं

इथे आमच्या काही दुकानदार बंधूंशी माझे मतभेद आहेत. गाडीवाल्याकडे भाजी घ्यायला आलेली बाई माझ्याकडे कढईही बघून जाते. पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा स्पष्ट आहे: दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण, ते होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही, हटवण्यापूर्वी 30 दिवसांची नोटीस, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे. आधी आपल्या गावात ही समिती आहे का आणि ती शेवटची कधी बसली, हे विचारा. सर्वेक्षणात नाव नसेल तर पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतल्या कर्जासाठीही पालिकेच्या शिफारसपत्रामागे हेलपाटे घालावे लागतात. पहिल्या टप्प्याचं कर्ज आता 15,000 रुपयांपर्यंत आहे. भाजीवालीला तेवढ्यात खासगी सावकाराचं दार टाळता येतं.

बैठक फीचा ठेका दिला असेल तर मंजूर दराचा फलक बाजाराच्या तोंडाशी मोठ्या अक्षरात लावा. फलक नसला की दहाच्या पावतीचे वीस घेतले जातात आणि म्हातारी शेतकरीण भांडत बसत नाही.

गावातल्या कारागिराचं बिल अडकवणं

घंटागाडीची बॉडी, बाकडी, कचराकुंड्या बनवणारा फॅब्रिकेटर गावातलाच असतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे अशा उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. गावचा कारागीर संबंध बिघडतील म्हणून तक्रार करत नाही. लेखा विभागाने थकीत बिलांची यादी दरमहा सभेपुढे ठेवली तरी पुष्कळ फरक पडेल.

बायकांसाठी स्वच्छतागृह नसणं

अर्थसंकल्पाच्या सभेत हा विषय कुणी व्यापाराखाली घेत नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी खेड्यांतून बायका सकाळच्या एसटीने येतात. माझ्या दुकानात भांडी बघता बघता एखादी हळूच माझ्या बायकोला विचारते, “वहिनी, मागं सोय आहे का?” आम्ही घरात पाठवतो. पण ज्या दुकानामागे घर नाही, तिथली बाई निम्मी खरेदी सोडून दुपारच्याच गाडीने परत जाते. पाणी, कडी आणि दिवा असलेलं, रोज साफ होणारं एक स्वच्छतागृह बाजाराच्या मध्यावर बांधा. स्टँडमागच्या अंधारात नको.