जुन्या घरातले डक्ट आणि घरातली हवा : या चुका टाळा

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन किंवा शिकागोच्या उपनगरांत चांगली शाळा आणि आवाक्यातली किंमत यांचा मेळ घालता घालता अनेक मराठी कुटुंबांच्या वाट्याला साठ-सत्तर वर्षांचे, क्वचित शंभरी गाठलेले घर येते. अशा घरात बेसमेंटमधली फर्नेस हिवाळ्यात गरम हवा पत्र्याच्या मार्गिकांतून, म्हणजे डक्टमधून, सगळ्या खोल्यांत पोहोचवते, उन्हाळ्यात त्याच वाटेने थंड हवा जाते आणि रिटर्नच्या जाळ्यांतून ती परत ओढली जाते. ही यंत्रणा सहसा बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, घरातलीच हवा फिरवत राहते. भारतात खिडक्या उघड्या ठेवून राहिलेल्या माणसाच्या हे पटकन ध्यानात येत नाही. मग पहिल्या हिवाळ्यात शिंका, कोरडा खोकला, पुसल्यानंतर दोन दिवसांत पुन्हा साचणारी धूळ आणि पंखा सुरू होताच येणारा कुबट वास यांचा सगळा दोष डक्टवर ढकलला जातो. डक्ट हा बहुधा घाणीचा उगम नसून तिचा केवळ रस्ता असतो, आणि पुढच्या बहुतेक चुका हा फरक न केल्याने होतात.

कूपन पाहून सफाई करून घेणे

‘संपूर्ण घराचे डक्ट ९९ डॉलरमध्ये, निर्जंतुकीकरण मोफत’ असे कार्ड नव्या घराच्या टपालपेटीत हमखास पडते. एवढ्या पैशांत येणारा माणूस जाळ्या काढून दुकानी व्हॅक्यूमची नळी हातभर आत फिरवतो आणि नंतर मोबाइलवर बुरशीचा फोटो दाखवून शेकडो डॉलरची जादा कामे सुचवतो. ईपीए, म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, या बाबतीत स्पष्ट आहे : डक्टच्या सफाईमुळे आजार टळतात असे कधी सिद्ध झालेले नाही, आणि डक्टच्या पत्र्याला चिकटलेली बरीचशी धूळ तिथेच राहते, खोलीत येतेच असे नाही. ठरावीक वर्षांनी नेमाने सफाई करावी, असेही ही संस्था सांगत नाही. सफाई करावी अशा परिस्थिती ती तीनच सांगते : डक्टच्या आत डोळ्यांना दिसणारी बुरशी असणे, उंदीर किंवा कीटक यांचा वावर असणे, आणि धूळ-कचऱ्याने डक्ट तुंबून त्यातले कण खोलीत येत असणे.

यांपैकी एखादी परिस्थिती असेल तर काम पुरते करून घ्यावे. मोठ्या व्हॅक्यूमने संपूर्ण यंत्रणेतली हवा बाहेर ओढत राहणे, आतून ब्रश फिरवणे, फर्नेसचा पंखा, थंड हवेचे कॉइल आणि त्याखालचे पाण्याचे तबक हेही साफ करणे, आणि त्यासाठी पत्र्याला पाडलेली भोके नंतर नीट बंद करणे, असे हे काम असते. ईपीएच्या पत्रकात एका यंत्रणेसाठी साधारण ४५० ते १,००० डॉलर असा खर्च दिला आहे. त्यावरून ९९ डॉलरमध्ये काय होत असेल याचा अंदाज येतो. कॉइल आणि पंखा वगळून फक्त डक्ट साफ करणाऱ्याला काम देऊ नये, कारण ओलावा आणि मळ या दोहोंची गाठ त्या कॉइलवरच पडते.

ओलावा तसाच ठेवून जंतुनाशक फवारणे

माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण तिच्यात पैसे जातात, समाधान मिळते आणि मूळ प्रश्न कायम राहतो. बुरशीला पत्रा खाता येत नाही. तिला पत्र्यावरची धूळ आणि पाणी लागते. धूळ काढली आणि पाण्याची वाट बंद केली तर फवारण्यासारखे फारसे उरत नाही, आणि पाण्याची वाट चालू राहिली तर कोणतेही रसायन फवारले तरी बुरशी परत येते. शिवाय डक्टमध्ये धुक्यासारखे सोडलेले रसायन पुढच्या वेळी पंखा सुरू झाला की शयनगृहात पोहोचते, आणि घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर आजारापेक्षा औषध भयंकर अशी गत होते.

डक्टला आतून फायबरग्लासचे अस्तर आहे का, हे सर्वांत आधी तपासावे, कारण अशा अस्तरावर किंवा फायबरग्लासच्या डक्टवर वापरण्यासाठी ईपीएने एकाही जंतुनाशकाची नोंदणी केलेली नाही. अस्तर भिजले असेल किंवा त्यावर बुरशी असेल तर ते साफ होत नाही, तेवढा भाग काढून नवाच बसवावा लागतो. साध्या पत्र्यासाठी जे उत्पादन सुचवले जाईल त्याचे लेबल स्वतः वाचावे. डक्टमध्ये वापर करण्याचा उल्लेख त्यावर नसेल तर ते ‘नैसर्गिक’ असले तरी नाकारावे. काळा थर म्हणजे बुरशीच, असेही धरून चालू नये. काजळी आणि जुनी धूळ तशीच दिसते, आणि चिकटपट्टीवर घेतलेला नमुना प्रयोगशाळेत पाठवला की शंका मिटते.

मग पाणी येते कुठून? थंड हवेच्या कॉइलखालचे तबक आणि त्याची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. हिवाळ्यात हवेला ओलावा देणाऱ्या, फर्नेसला जोडलेल्या ह्युमिडिफायरचे पॅड कित्येक हिवाळे बदललेले नसते आणि उन्हाळ्यात त्याची झडप उघडीच राहते. थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑन’ ठेवला असेल तर दमट उन्हाळ्यात कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत मिसळते, म्हणून त्या महिन्यांत ‘ऑटो’च योग्य. बाकी बराचसा ओलावा बेसमेंटचा असतो. वीस डॉलरच्या आत मिळणारा आर्द्रतामापक तिथे ठेवावा. आकडा सतत ६० टक्क्यांच्या वर असेल तर आधी छताच्या पन्हळींचे पाणी पायापासून दूर नेऊन सोडावे, मग हवेतला ओलावा शोषणारा डीह्युमिडिफायर घ्यावा. आकडा ३० ते ५० टक्क्यांत राहावा असा प्रयत्न असावा.

रिटर्नची गळती न पाहणे

जुन्या घरांतला सर्वांत दुर्लक्षित भाग रिटर्नचा असतो. अनेक घरांत रिटर्नसाठी वेगळा डक्ट केलेलाच नसतो. बेसमेंटच्या छतातल्या दोन लाकडी तुळयांच्या खालून पत्रा ठोकून तीच पोकळी वापरलेली असते, आणि वरच्या मजल्यावर भिंतीच्या आतल्या दोन खांबांमधली फट. या पोकळ्या हवाबंद नसतात. फर्नेसचा पंखा त्यांतून जोराने हवा ओढतो तेव्हा दिवाणखान्यातल्या हवेबरोबर बेसमेंटचा दमट वास, भिंतीच्या आतली जुनी धूळ, उंदरांच्या लेंड्यांचा भुगा आणि बेसमेंटमध्ये ठेवलेल्या रंगाच्या डब्यांची वाफही ओढली जाते. खडबडीत लाकडाच्या पोकळीत ब्रश फिरवून फारसे काही साध्य होत नाही, आणि झालेच तरी फटी उघड्या असताना महिन्याभरात सगळे पूर्ववत होते.

ही गळती शोधायला आपल्या घरात साधन आहेच. फर्नेसचा पंखा चालू करून पेटवलेली उदबत्ती रिटर्नच्या सांध्यांजवळून, पत्रा आणि तुळई मिळतात त्या रेषेवरून आणि फिल्टरच्या खाचेजवळून हळूहळू फिरवावी. धूर जिथे आत खेचला जातो तिथे फट आहे. गॅसचा वास येत असेल तर मात्र काडी न ओढता बाहेर पडून गॅस कंपनीला फोन करावा. फटी बुजवण्यासाठी डक्ट मॅस्टिक नावाचा लेप मिळतो, तो ब्रशने लावावा. नावात डक्ट असूनही कापडी डक्ट टेप या कामाला टिकत नाही. बर्कली येथील लॉरेन्स राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ साली वेगवेगळे पर्याय तपासले तेव्हा तीच टेप नापास झाली होती. नेहमीच्या घरात डक्टमधून जाणारी २० ते ३० टक्के हवा गळतीत वाया जाते असे एनर्जी स्टार हा सरकारी कार्यक्रम सांगतो, म्हणजे या कामाचा फायदा गॅसच्या बिलातही दिसावा.

एक सावधगिरी मात्र हवी. १९८० च्या आधीच्या घरात डक्टच्या सांध्यांवर पांढरी, कागदासारखी किंवा जाड कापडासारखी पट्टी चिकटवलेली दिसली तर तिच्यात ॲस्बेस्टॉस हे फुफ्फुसाला घातक तंतूंचे खनिज असण्याची दाट शक्यता असते. ती ओरबाडू नये, व्हॅक्यूम करू नये आणि सफाई कामगारालाही हात लावू देऊ नये. धड असलेली पट्टी जागच्या जागी सुरक्षित राहते. फाटली असेल तर परवानाधारकालाच बोलवावे.

स्वयंपाकघर विसरणे

ज्या घरात रोज दोन वेळा फोडणी होते त्या घरात सूक्ष्म कणांचा मोठा स्रोत डक्ट नसून कढई असते. मिरची-मोहरीची फोडणी, भाकरीचा तवा, सणासुदीचे तळण आणि सोबतीला देवघरातला धूप यांचे कण श्वासातून खोल फुफ्फुसापर्यंत जाण्याइतके बारीक असतात. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो तो वेगळाच. जुन्या अमेरिकी घरांत शेगडीवर जो मायक्रोवेव्ह बसवलेला असतो त्याचा पंखा बऱ्याचदा हवा बाहेर टाकतच नाही. पातळ जाळीतून आणि कोळशाच्या पट्टीतून काढून ती तोंडावर परत सोडतो. पंखा लावून वरच्या फटीवर हात धरला की हे कळते. तेलाचा हा सूक्ष्म अंश रिटर्नमधून डक्टमध्ये जातो आणि चिकट पत्र्यावर धूळ धरते. दरवर्षी डक्ट साफ करण्यापेक्षा बाहेर हवा टाकणारा हूड, म्हणजे शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा, एकदाच बसवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. तोवर मागच्या शेगड्यांवर फोडणी करावी, कारण वरचा पंखा मागच्या शेगड्यांचा धूर अधिक चांगला पकडतो, आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी.

हूड घेताना उलटी चूकही होते. आपला स्वयंपाक जोरदार म्हणून सर्वांत मोठा पंखा निवडला जातो, पण तो जितकी हवा बाहेर फेकतो तितकी कुठून तरी आत यावीच लागते. बेसमेंटमध्ये धुराड्याला जोडलेला जुन्या पद्धतीचा गॅस वॉटर हीटर असेल तर ती हवा त्याच धुराड्यातून उलटी उतरू शकते आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. म्हणूनच मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा अधिक हवा ओढणाऱ्या हूडसाठी बांधकाम संहितेत भरपाईच्या हवेची सोय सांगितलेली आहे. हूड, बाथरूमचे पंखे आणि ड्रायर एकाच वेळी चालू करून तंत्रज्ञाकडून धुराड्याची तपासणी करून घ्यावी, आणि प्रत्येक मजल्यावर, विशेषतः शयनगृहांबाहेर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा. अलार्मलाही मुदत असते. ती मागच्या बाजूला छापलेली असते.

फिल्टर आणि यंत्रे यांची भलती निवड

एक इंच जाडीच्या खाचेत दुकानातला सर्वांत घट्ट फिल्टर बसवला की हवा शुद्ध होईल, ही समजूत अर्धीच खरी आहे. फिल्टर किती बारीक कण अडवतो ते मर्व्ह या आकड्याने सांगतात; मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर ०.३ ते १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे निदान अर्धे कण अडवतो, पण पातळ फिल्टरमधून जुन्या फर्नेसला पुरेशी हवा ओढता येत नाही, कॉइल गोठते किंवा फर्नेस तापून बंद पडते. चार इंच जाडीच्या फिल्टरची पेटी बसवून घेतली तर तोच दर्जा कमी अडथळ्यात मिळतो. ते जमत नसेल तर मर्व्ह ८ वेळेवर बदलावा आणि शयनगृहात अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा वेगळा प्युरिफायर ठेवावा. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्क-न्यू जर्सीवर उतरला तेव्हा अनेकांनी बॉक्स फॅनला चार मर्व्ह १३ फिल्टर चिकटवून स्वस्त प्युरिफायर केले होते. ती युक्ती आजही चालते. वापरात नसलेल्या खोल्यांच्या हवेच्या जाळ्या बंद करू नयेत, त्याने दाब वाढून गळती वाढते. ओझोन सोडणारी यंत्रे तर घरात आणूच नयेत, कारण ओझोन फुफ्फुसाला इजा करतो, आणि ‘ताजा वास’ हे त्याचेच लक्षण असते.

रेडॉनची चाचणी टाळणे

रेडॉन हा जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू. त्याला वास नाही, रंग नाही, आणि कोणतीही सफाई त्याला हात लावत नाही. १९८४ च्या डिसेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे स्टॅनली वॉट्रस कामावर आत जातानाच किरणोत्सर्गाचे अलार्म वाजू लागले. शोध घेतल्यावर दोष त्यांच्या बॉयरटाउनजवळच्या घरातल्या रेडॉनचा निघाला, पातळी दर लिटरला सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक). उपाय करावा अशी ईपीएची मर्यादा फक्त ४ आहे. रीडिंग प्रॉंग नावाचा तोच खडकपट्टा पुढे न्यू जर्सीत जातो, जिथे आपली बरीच मंडळी राहतात. धूम्रपानाखालोखाल फुफ्फुसाच्या कर्करोगाचे कारण रेडॉन हेच आहे. गळका रिटर्न बेसमेंटमध्ये ओढ निर्माण करून जमिनीतला वायू आत खेचू शकतो, म्हणून चाचणी सांधे बुजवण्याआधी आणि नंतर अशी दोनदा करावी.

नूतनीकरणाआधीच सफाई उरकणे

घराचा ताबा मिळताच डक्ट साफ करून घ्यायचे आणि मग भिंत पाडायची, लाकडी जमीन घासायची, असा उलटा क्रम बऱ्याच ठिकाणी दिसतो. १९७८ पूर्वीच्या घरात रंगात शिसे असू शकते, आणि घासताना उडालेली ती धूळ रिटर्नमधून सगळ्या खोल्यांत पसरते. काम चालू असेपर्यंत फर्नेसचा पंखा बंद ठेवावा, त्या खोलीतल्या सप्लाय (हवा आत सोडणाऱ्या) आणि रिटर्नच्या जाळ्यांवर जाड प्लास्टिक टेपने चिकटवावे, शिशाच्या कामाचे प्रमाणपत्र असलेलाच कंत्राटदार नेमावा, आणि शेवटचा कामगार गेल्यावर फिल्टर बदलून, जाळी काढून टॉर्चने आत पाहून, खरोखर ढिगारा दिसला तरच सफाईवाल्याला फोन करावा.