रायफलचा झटका कमी करायला काय घ्यायचं आणि काय नाही : माझा अनुभव

परवा रेंजवर एका नवीन मुलाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात मोठ्या बोअरच्या रायफलच्या तोंडाला भोकंवाला मझल ब्रेक (गॅस बाजूला सोडून झटका कमी करणारा तुकडा) लावलेला आणि गोळी सुटली तरी रायफल जागची हलत नव्हती. "ताई, हे आपल्या रायफलला कुठे मिळेल?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण सुरुवातीला माझ्याही डोक्यात हेच होतं आणि त्यापायी बरेच पैसे आणि जवळजवळ एक सीझन गेला.

तर पहिलं म्हणजे मझल ब्रेक विसरा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात १० मीटर एअर रायफल असो की ५० मीटर .२२ (बारुदाच्या गोळीची), रायफलला मझल ब्रेक किंवा कॉम्पेन्सेटर (तोंड उचलू न देणारा तसाच तुकडा) चालतच नाही, बॅरलला (नळीला) किंवा तिच्यापुढे जोडायच्या एक्स्टेन्शन ट्यूबला भोकं पाडलेलीही चालत नाहीत. मला एका दुकानदाराने "रिकॉइल कमी होईल" म्हणून भोकंवाली ट्यूब विकली होती, ती आजपर्यंत एकाही मॅचला लावता आलेली नाही. साधी ट्यूब चालते, पण तिचं काम पुढची साइट (नेम धरायची रिंग) लांब नेणं, झटक्याशी तिचा फारसा संबंध नाही.

आता मुळात झटका असतो किती ते बघा. .२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, आणि रायफल सहा-सात किलोची. खांद्याला लागतं वगैरे काही नाही. एअर रायफलचं पेलेट (छर्रा) तर जेमतेम अर्ध्या ग्रॅमचं. म्हणजे त्रास दुखण्याचा नाहीच, त्रास हा की गोळी बॅरलमध्ये असतानाच, त्या दोन-तीन मिलिसेकंदांत, रायफल हलायला सुरुवात झालेली असते आणि प्रत्येक शॉटला ती वेगळी हलली की ग्रुप फुटतो, म्हणजे गोळ्या विखुरतात. १० मीटरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे एवढंसुद्धा पुरतं. म्हणून झटका शून्य करायच्या मागे लागू नका, तो दरवेळी सारखा यायला हवा.

हे मला कळलं ते प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारताना. माझी रायफल शॉटनंतर दरवेळी घड्याळात दोन वाजतात त्या दिशेला उडायची, आणि मी समजत होते बॅरल हलकं आहे, पुढे वेट लावू. सरांनी (माझ्या कोचनी) स्कोअर दाखवणारी स्क्रीन बंद केली आणि म्हणाले स्कोअर बघायचाच नाही, शॉट गेल्यावर पुढची रिंग कुठे जाते आणि कुठे येऊन थांबते तेवढंच मला सांग. वीस शॉट मी नुसतं "उजवीकडे, उजवीकडे, वर, उजवीकडे" म्हणत राहिले. मग त्यांनी जॅकेटवरून हात फिरवून बघितलं तर बट प्लेटचा (रायफलच्या मागच्या टोकाची, खांद्याला टेकणारी पट्टी) अर्धा भाग खांद्याच्या बाहेर, दंडावर टेकत होता. तिथे मागे आधार नाही, खांदा ढकलला जातो आणि रायफल त्याच्यामागे फिरते. बट प्लेट आत गळ्याच्या हाडाकडे आणली, लांबी थोडी कमी केली, स्लिंग (हाताला बांधून रायफल पेलणारा पट्टा) एक भोक सैल केला. त्यानंतर रिंग सरळ वर जायची आणि पुन्हा आपल्याच टार्गेटच्या काळ्या भागावर येऊन बसायची. एक रुपयाही खर्च नाही, फक्त ॲलन की!

म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी चांगल्या ॲडजस्टेबल बट प्लेटमध्ये घाला, जी वरखाली, आतबाहेर आणि तिरकी तिन्ही होते. एक लक्षात ठेवा, बट प्लेट जितकी खाली कराल तितकं बॅरल खांद्याच्या टेकूच्या वर जातं आणि झटक्याने तोंड जास्त उचलतं. पण फार वर घेतली तर मान वाकते, मग साइटखाली रायझर (साइट उंच करणारा ठोकळा) लागतो. हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, एका दिवशी एकच गोष्ट हलवा आणि किती मिलिमीटर हलवली ते वहीत लिहा. आणि हुक (काखेखाली जाणारा आकडा) असलेली बट प्लेट ५० मीटरला चालते, एअर रायफलला नाही, घेताना हे नक्की बघा. चीक पीस (गाल टेकायचा भाग) पण तसंच, गाल दरवेळी वेगळ्या जोराने दाबला गेला तर झटकाही वेगळा येणार.

मग वेट. वजन पुढे लावलं की तोंड कमी उचलतं हे खरंच आहे, आणि एकदा ते जाणवलं की अजून एक, अजून एक असा मोह होतो. मी एअर रायफलला शंभर-शंभर ग्रॅमच्या चकत्या लावत गेले. स्टँडिंगला (उभं राहून मारताना) स्लिंग नसतो, सगळा भार डाव्या हातावर आणि कमरेवर, पहिले तीस शॉट झकास आणि चाळीसनंतर एकेक शॉट खाली पडायला लागला. वर एका मॅचला इक्विपमेंट कंट्रोलच्या (साहित्य तपासतात तिथल्या) काट्यावर रायफल ५.५८ किलो भरली, मर्यादा ५.५ ची, तिथेच उभ्याउभ्या एक चकती काढावी लागली आणि ज्या बॅलन्सवर महिनाभर सराव केला तो बॅलन्सच गेला. साठ शॉट मी वेगळीच रायफल मारतेय असं वाटत होतं. तेव्हापासून घरून निघतानाच साइट वगैरे सगळं लावून वजन करते आणि शंभर ग्रॅम हातचे ठेवते, कारण प्रत्येक काटा थोडा वेगळा दाखवतो. .२२ ला ८ किलोची मर्यादा आहे, त्यात पाम रेस्ट (तळहाताचा टेकू), हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा तुकडा) सगळं धरतात.

एअर रायफल नवीन घेणार असाल तर अजून एक. स्प्रिंगवाल्या साध्या रायफलमध्ये आतला पिस्टन धावतो म्हणून तिचा झटका पुढेमागे दोन्हीकडे येतो, ती घट्ट धरली की शॉट भलतीकडे. फाइनवर्कबाउ या जर्मन कंपनीच्या जुन्या ३०० मध्ये यावर उपाय म्हणून बॅरलसकट सगळी ॲक्शनच (गोळी सोडणारी यंत्रणा) रुळावर मागे सरकते. आताच्या दाबाच्या हवेच्या सिलिंडरवाल्या मॅच रायफलमध्ये, उदाहरणार्थ त्यांच्याच ७०० किंवा ८०० मध्ये, ॲब्सॉर्बर (झटका शोषणारा भाग) आतच असतो. त्यामुळे अशा रायफलला बाहेरून झटका कमी करणारं काही विकत घ्यायची गरजच नाही, तेच पैसे जॅकेट अंगाच्या मापाचं शिवून घ्यायला वापरा, ढिल्या जॅकेटमध्ये बट प्लेट दरवेळी नव्या सुरकुतीवर बसते.

.२२ वाल्यांसाठी गोळीचंही सांगते. हाय व्हेलॉसिटी घेऊ नका, मॅचची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा थोडी कमीच असते, झटकाही मवाळ आणि ग्रुपही चांगला. पण एकाच ब्रँडचे दोन लॉटसुद्धा (एका वेळी बनवलेल्या गोळ्यांचा गठ्ठा) वेगळे वागतात, म्हणून जो लॉट आपल्या बॅरलला जमतो तो जमेल तेवढा एकदम उचलायचा.

आपल्या राधानगरीच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, त्या मॅचचा व्हिडिओ काढून बघा, स्कोअर सोडा. शॉट गेल्यावर तो लगेच डोकं उचलत नाही, आणि रायफल कुठे जाऊन कुठे परत येते ते नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन, स्टँडिंग तिन्हीत नीट बघा. मग स्वतःचा दहा शॉटचा व्हिडिओ बाजूने काढा आणि दोन्ही शेजारी लावा. काही विकत घ्यायच्या आधी तो व्हिडिओ तुमच्या सरांना दाखवा.