गिअर न बदलणारा गिअरबॉक्स

आयटीआयतून मोटर मेकॅनिक होऊन रत्नागिरीच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो, तेव्हा गिअरबॉक्स म्हणजे क्लच, सिंक्रो रिंगा आणि शिफ्टर फोर्क, एवढंच ठाऊक. हायब्रीडचा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचा, कापलेला ट्रान्सअ‍ॅक्सल (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र असलेला डबा) शिकायला टेबलावर आला, तर मी अर्धा तास त्यात क्लचच शोधत होतो. स्प्रिंगांची एक चकती हाताला लागली आणि "हा घ्या क्लच!" म्हणून ओरडलो. मिस्त्री चहाचा घोट घेत म्हणाले, "तो डँपर रे. इंजिनाचे धक्के खातो, सोडत काहीच नाही."

हायरायडर, ग्रँड विटारा, हायक्रॉस यांच्या स्ट्राँग हायब्रीड गाड्यांत टोयोटाची हीच पद्धत आहे. क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, सीव्हीटीचा (टप्प्यांशिवाय वेग बदलणाऱ्या गिअरबॉक्सचा) पट्टाही नाही. तरी नाव ई-सीव्हीटी, त्याने नवखा फसतो, मीही फसलो. आत मुख्य वस्तू एकच: प्लॅनेटरी गिअरचा संच, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर आणि बाहेरून दातांची रिंग. मधल्या सन गिअरला पहिली मोटर-जनरेटर (एमजी वन), प्लॅनेट धरणाऱ्या कॅरियरला इंजिन, आणि बाहेरच्या रिंगकडून ताकद चाकांकडे. दुसरी मोटर, एमजी टू, चाकांच्याच बाजूला. टोयोटाच्या जुन्या प्रायस हायब्रीडमध्ये दोन्ही मोटरी एका रेषेत होत्या. नव्यांत एमजी टू समांतर शाफ्टवर असते. रिव्हर्सचा वेगळा गिअर नसतो, एमजी टू उलटी फिरते, झालं.

हे वाचून डोक्यात शिरत नाही. हाताने फिरवा आणि दात मोजा. १९९७च्या पहिल्या प्रायसमध्ये सनला ३० दात, रिंगला ७८. गाडी उभी, इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांवर, तर सन ३६०० फेऱ्यांनी फिरतो. गाडी बॅटरीवर चालतेय, इंजिन बंद, रिंग १००० फेऱ्यांवर, तर सन २६०० फेऱ्या उलट. मी हे पाटीवर खडूने मांडलं, तेव्हा कळलं की इथे गिअर बदलत नाहीत, एमजी वनचा वेग बदलतो. इंजिनाच्या जोरातला ७२ टक्के रिंगकडे, २८ टक्के सनकडे. हे प्रमाणही दातांतूनच येतं.

आता हातमोज्यांचं. कामाआधी सर्व्हिस प्लग (हायब्रीड बॅटरीचा वीजप्रवाह तोडणारा) काढून खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरा कोणी परत लावणार नाही. मग इन्व्हर्टरमधले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला निदान दहा मिनिटं थांबायचं आणि मीटरने शून्य व्होल्ट दिसल्याशिवाय जास्त व्होल्टच्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही. रबरी हातमोजा तोंडाकडून गुंडाळून हवा कोंडा. फुस्स झाली तर टाकून द्या. आपल्याकडे पावसाळ्यात घामाने आतून पाणी सुटतं, म्हणून आत सुती हातमोजे घाला. यात कोणी घाई केली तर मी आजही ओरडतो. तेलही कंपनीने सांगितलेलंच. मोटरीच्या गुंडाळ्या त्यातच थंड होतात.

एकदा आंबा घाट उतरून आलेला गिऱ्हाईक म्हणाला, "पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन किंचाळतंय, गिअरबॉक्स गेला." मी लगेच ट्रान्सअ‍ॅक्सल उतरवायच्या तयारीत. मिस्त्रींनी विचारलं, "बॅटरी किती भरलेली?" पूर्ण. उतारावरची वीज ठेवायला जागा नाही, म्हणून एमजी वन पेट्रोलशिवाय इंजिन फिरवून ब्रेक लावत होती. पाना टेबलावर ठेवला आणि गिऱ्हाइकाला खडू-पाटी घेऊन बसवलं.