लिनक्सवर चालणारा कोड विंडोजवर अडला तेव्हा

फ्री पास्कल या पास्कल भाषेच्या कंपायलरवर लिहिलेला माझा एक छोटा प्रोग्रॅम फोल्डरमधल्या फाइल्स शोधतो. लिनक्सवर बिनतक्रार कंपाइल व्हायचा, विंडोजवर मात्र फाइलशोध संपवणाऱ्या ‘फाइंडक्लोज’च्या ओळीवर अडायचा: पॅरामीटरचा टाइप जुळत नाही म्हणे!

कारण ‘यूजेस’च्या, म्हणजे प्रोग्रॅम वापरत असलेल्या युनिटांच्या (तयार कोडच्या संचांच्या) यादीत सापडलं. विंडोजसाठी आयएफडेफ (ठरावीक सिस्टिमवरच तेवढा कोड कंपाइल करण्याची अट) टाकून ‘विंडोज’ युनिट शेवटी जोडलेलं होतं. ‘फाइंडक्लोज’ हे रूटीन ‘सिसयुटिल्स’मध्येही आहे आणि ‘विंडोज’मध्येही. पहिलं सर्च रेकॉर्ड (शोधाची माहिती ठेवणारी रचना) घेतं, दुसरं नुसतं हँडल (सिस्टिमने शोधाला दिलेली ओळखखूण). नाव सारखं असलं की यादीत शेवटी आलेलं युनिट जिंकतं. लिनक्सवर ते युनिटच नाही, मग भांडण कुठून होणार?

युनिटांचा क्रम बदलूनही काम भागतं, पण मला तो उपाय अजिबात पटत नाही. उद्या कुणी यादीची मांडणी बदलली की पुन्हा तेच. मी सरळ ‘सिसयुटिल्स.फाइंडक्लोज’ असं पूर्ण नाव लिहिलं. ती ओळ दोन्हीकडे जशीच्या तशी चालते, तिच्यासाठी वेगळा आयएफडेफ लागत नाही.

‘डिलीटफाइल’ही दोन्ही युनिटांत आहे, तिथेही लगेच प्रीफिक्स लावून टाकला.